न चावणारे बूट

दोन हजार सहा साल संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. हिंजवडीच्या कंपन्यांचे दिवे तोवर नेऱ्याच्या माळावरून दिसायला लागले होते, पण गावात अजून पहाटे कोंबडा आरवायचा आणि नव्या सोसायटीतली माणसं त्याबद्दल तक्रार करायची. डिसेंबरातल्या एका सोमवारी, सकाळी सव्वासातच्या सुमाराला, कंपनीच्या लांबलचक भिंतीच्या टोकाशी एका दगडावर चंद्राबाई बसली. तिनं उजव्या पायातला बूट ओढून काढला, मग मोजा काढायला लागली. मोजा निघेना. करंगळीपाशी तो चिकटला होता. केळ्याचं साल सोलावं तसा तिनं तो सहज ओढला, झटकला, बुटात कोंबला आणि म्हणाली की आज धुकं लई हाय, शंभूची, थोरल्या पोराची, गाडी अजून आली नसंल. शेजारी उभ्या असलेल्या शारदेनं मोज्यावरचा तपकिरी डाग पाहिला, करंगळीजवळचा ओला लालपणा पाहिला आणि चंद्राबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पापणीसुद्धा हलली नव्हती. तिनं विचारलं एवढंच, की दुखत नाही का. चंद्राबाई चपला पायात सरकवत हसली. काय दुखायचं, पाय हायेत का न्हाईत तेच मला वरीस झालं कळत न्हाई, असं ती म्हणाली. आमटीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तितक्याच सहज. मग बुटांची जोडी तिनं पाटीत ठेवली, वर फडकं झाकलं, पाटी डोक्यावर घेतली आणि गावाकडच्या वाटेला लागली. शारदा भिंतीशी उभीच राहिली. रात्रपाळीची माणसं घेऊन कंपनीच्या दोन गाड्या समोरून गेल्या. एकीच्या काचेला डोकं टेकून कुणी मुलगी झोपली होती. ते बूट शारदेचे होते.

म्हणजे कौस्तुभनं, तिच्या मुलानं, तिच्यासाठी आणलेले होते. पांढरे, कडेला निळी रेघ, नाकाशी निमुळते. एकसष्ट वर्षांत शारदेच्या पायात चपलेशिवाय काही गेलं नव्हतं, आणि पाय तर तिच्या आईच्या शब्दांत सुपासारखे. सून अपूर्वा खाली बसून नाड्या बांधत होती आणि शारदा वरून तिचा भांग बघत म्हणत होती, छान आहेत ग, अगदी छान. पहिल्याच दिवशी करंगळीची आग झाली. दुसऱ्या दिवशी फोड आला. पण घरात तिनं चकार शब्द काढला नाही. खामगावचं घर बंद करून मुलाच्या सहाव्या मजल्यावर येऊन राहिलेल्या बाईला कुठलीही वस्तू चावत नाही, गरम होत नाही, लहान पडत नाही, हे तिनं पहिल्या महिन्यातच ठरवून टाकलं होतं. ती लिफ्टनं खाली यायची, फाटकाबाहेर वळली की नाड्या सैल करायची आणि लंगडत भिंतीपर्यंत पोचायची. या भिंतीशीच तिची आणि चंद्राबाईची भेट ठरलेली असे. ती ठरवली होती एका दवाखान्याच्या लोकांनी. जुलैत त्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये शिबीर घेतलं. अंगानं जड असलेल्या माणसांनी रोज पाऊण तास चाललं तर तब्येतीला आणि मनाला काय फरक पडतो, हे त्यांना सहा महिने बघायचं होतं. साखरेचा आजार असलेल्यांत आणि नसलेल्यांतही. गावातल्या बायकांनाही त्यांनी बोलावलं होतं. मग एक साखरवाली आणि एक बिनसाखरेची अशा जोड्या लावल्या, म्हणजे एकीनं कंटाळा केला तर दुसरी ओढेल. शारदेचं वजन ब्याऐंशी, साखर नाही. चंद्राबाईचं एकोणऐंशी, साखर आहे. पोरगेल्याशा डॉक्टरीणबाईंनी दोघींचे हात एकमेकींत दिले आणि आता एकमेकींना सोडायचं नाही म्हणून बजावलं. चंद्राबाईनं लगेच विचारलं होतं, सात फेरे बी घ्यायचे का. सगळा हॉल हसला होता.

त्या सकाळी घरी येऊन शारदेनं चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. अपूर्वा ऑफिसला निघताना काहीतरी बोलून गेली, शारदा बरं म्हणाली, आणि दार लागल्यावर आपण कशाला बरं म्हणालो ते तिला आठवेना. ती बाल्कनीत गेली. तिथून भिंत दिसायची, भिंतीच्या आतल्या काचेच्या इमारती दिसायच्या, आणि भिंतीच्या अलीकडून गावात शिरणारी वाट. त्या वाटेवर पहिल्या दिवशी चंद्राबाई डोक्यावर फडक्यानं झाकलेली पाटी घेऊन आली होती. शारदेला वाटलं, शेतावर कुणाची न्याहारी न्यायची असेल. म्हणून ती म्हणाली की आधी ती पोचवून या, मग चालू. चंद्राबाईनं फडकं उचललं. पाटी रिकामी होती. मग तिनं समजावून सांगितलं, अगदी लहान मुलाला सांगावं तसं, की मास्तरीणबाई, तुमच्या टावरात चालतंय. आमच्यात बाईमानूस मोकळ्या हातानं रस्त्यानं हिंडाया लागलं की लोक घरच्यांना इचारत्यात, भांडान झालं का म्हनून. पाटी असली की कोन इचारत न्हाई. यात गंमत अशी होती की त्या पाटीतली भाकरी ज्या शेतावर जायची ते साडेतीन एकरांचं भाताचं शेत चार वर्षांपूर्वीच विकलं गेलं होतं. त्याच्याभोवतीच ही भिंत होती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना तर चांगलंच ठाऊक. पण रोज सकाळी चंद्राबाई डोक्यावर पाटी घेऊन समोरून जायची तेव्हा ते पाय आखडून वाट द्यायचे, आणि कुणाला न्याहारी नेतेस असं एकानंही कधी विचारलं नाही. खामगावात असं झालं असतं का, याचा शारदा खूप वेळ विचार करत बसायची. तिच्या गल्लीतल्या बायकांनी आठ दिवसांत फडकं उचलून बघितलं असतं.

भिंतीच्या कडेनं चालताना चंद्राबाई आतलं सगळं सांगायची. इथं बांध होता, इथं जांभळीखाली सासू बसायची, इथं आवणीच्या, भात लावायच्या दिवसांत शंभू चिखलात झोपला तर कुणाला सापडेना. हे ती हळहळून नाही सांगायची. बसमधून जाताना स्टॉप सांगावेत तसं सांगायची. शारदेच्या चालीची तर रोज टर उडवायची. गाभण म्हशीवानी चालताय, म्हणायची, जरा पाय उचला, तुमची साकर वाडली तर माज्या नावानं बोंब हुईल. शारदा हसायची. हसताना धाप लागायची, मग दोघी भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. नवरा, जनार्दनराव, गेल्यापासून ती अशी हसली नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांतही नाही. दर रविवारी शिबिराचा कागद भरायचा असे. चंद्राबाईला लिहिता येत नव्हतं, म्हणून दोघींचे कागद शारदाच भरायची. टपोऱ्या अक्षरात, शाळेतल्या नमुन्याच्या वहीसारखे. आठवडाभर मन कसं होतं: प्रसन्न, बरं, उदास. ती दोन्ही कागदांवर प्रसन्नवर खूण करायची. किती दिवस चाललात: सात. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, पायाला जखम, फोड किंवा भेग आहे का. दोन्ही कागदांवर, नाही. स्वतःच्या करंगळीवरचा फोड चिघळलेला असतानासुद्धा तिनं नाही लिहिलं होतं, कारण आहे लिहिलं तर पुढं चार प्रश्न होते. चंद्राबाईला तर तिनं विचारलंही नव्हतं. एकदाही नाही. आता बाल्कनीत उभं राहून ती रविवार मोजायला लागली आणि बाराच्या पुढं मोजणं तिनं सोडून दिलं.

सप्टेंबरात, गणपती उठल्यावर, चंद्राबाईच्या चपलेचा अंगठा तुटला. त्या दिवशी शारदेची करंगळी इतकी ठणकत होती की तिनं दगडावर बसून दोन्ही बूट काढले आणि म्हणाली, घालून तरी बघा. चंद्राबाईनं बूट हातात घेऊन वजन केलं, आत नाक घालून वास घेतला, आणि पायात घातले. वीस पावलं गेली, वळली, परत आली. न्हाई बा चावत, म्हणाली, लोन्यावानी हायेत. शारदेला तेव्हा काय आनंद झाला होता. कित्येक वर्षांत आपल्याकडून कुणाला काही अचूक मिळालं नव्हतं, तसं काहीतरी. घरी विचारलंच तर काय सांगायचं, हे ठरवत ती चंद्राबाईची तुटकी चप्पल फरफटत परत आली. दोन दिवसांनी स्वतःसाठी रुंद तोंडाचे कॅनव्हासचे बूट घेतले. कौस्तुभच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. चंद्राबाई मात्र ते पांढरे बूट घरी घालून जायची नाही. पाटीत टाकून आणायची, भिंतीपाशी घालायची, जाताना पुन्हा पाटीत. शिबीर डोळ्यांचं आहे असं तिनं घरी सांगितलं होतं आणि गोळ्या गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवल्या होत्या. धाकट्या दिशाचं लग्न जुळायचं होतं. आईला साखर म्हणजे रक्तातच असणार, मुलाकडचे लोक चार ठिकाणी चौकशी करतात, पोरीच्या वाटेत आपला आजार कशाला आडवा घालायचा, असं तिचं म्हणणं होतं. शारदेला ते पटलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरातलं आपण काय बोलायचं. दिशाचं जमलं. लग्न आता पुढच्या गुरुवारवर आलं होतं.

त्या दुपारी शारदा पलंगावर आडवी झाली पण डोळा लागेना. लोन्यावानी हायेत, हे वाक्य तिच्या कानात सारखं येत होतं, आणि त्याच्यामागून दुसरं एक वाक्य, जे तिनं जवळजवळ सहा वर्षं कानाआड केलं होतं. नाही लागत, छान ऊब येतेय. जनार्दनरावांचा आवाज. ते नगरपालिकेच्या शाळेत गणित शिकवायचे. साखर निघाली तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. तोवर रोज शाळेपर्यंतचे दोन मैल चालत जायचे, येताना बाजारातून भाजी आणायचे. शारदेनं ते सगळं बंद केलं. आजारी माणसानं पडून राहावं, एवढंच तिला ठाऊक होतं, आणि ते तिनं इतकं मनापासून केलं की शेजारच्या बायका आपल्या सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या. रिक्षा लावून दिली. पाणी हातात. टॉवेल हातात. सुट्टीच्या दिवशी त्यांचा पाय जमिनीला लागू दिला नाही. ते जाड होत गेले आणि त्यांच्याबरोबर ताटाला ताट लावून तीही. दोन हजार एकच्या जानेवारीत खामगावात कडाक्याची थंडी पडली होती. पाय गार पडलेत म्हणाले, म्हणून तिनं रबरी पिशवीत उकळतं पाणी भरून पांघरुणात त्यांच्या तळव्यांशी ठेवली. लागत तर नाही ना, असं विचारलं. तिनं विचारलं होतं, हे नक्की. आणि त्यांनी ते उत्तर दिलं. सकाळी पांघरूण काढलं तर दोन्ही तळव्यांवर पुऱ्या फुगाव्यात तसे फोड. डॉक्टरांनी विचारलं की हे कशानं झालं. शारदा म्हणाली, चपलेचा खिळा लागला. का म्हणाली, ते तिला आजही सांगता आलं नसतं. शब्द तोंडातून आपोआप बाहेर पडले होते. दोन्ही तळव्यांना, एकाच वेळी, चपलेचा खिळा. जनार्दनराव टेबलावर निजले होते. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, मग छताच्या पंख्याकडे पाहिलं. नवव्या दिवशी बोटं गेली. महिन्याच्या आत डावा पाय गुडघ्याखाली गेला. कौस्तुभ पुण्याहून आला तेव्हा त्यालाही खिळाच सांगितला गेला, आणि दोन वर्षांनी ते गेले तेव्हा घरात खिळाच राहिला होता.

म्हणून तर शिबिरातलं चालणं तिनं एखादं व्रत घ्यावं तसं घेतलं होतं. निजवून मारलं, आता चालून काहीतरी फिटेल, असं तिच्या मनात कुठंतरी होतं. ते तिनं स्वतःशीसुद्धा शब्दांत मांडलं नव्हतं. पण पलंगावर पडल्यापडल्या तिला घाम फुटला तो याचा नव्हता. तिला न चावण्याचा अर्थ ठाऊक होता. नेऱ्यात एवढ्या सगळ्या बायकांत तिला एकटीला ठाऊक होता. ज्या बुटांनी आपली सुपासारखी पावलं सोलून काढली ते दुसऱ्या तशाच रुंद पावलांना लोण्यासारखे लागतात, हे ऐकल्यावर तिनं तिथल्या तिथं खाली बसून ती पावलं हातात घ्यायला हवी होती. तिला आनंद झाला होता.

मंगळवारी ती डेटॉल, कापूस आणि जुन्या साडीच्या पट्ट्या घेऊन भिंतीशी गेली. चंद्राबाईला दगडावर बसवलं आणि पाऊल मांडीवर घेतलं. करंगळीच्या बाहेरच्या अंगाला हरभऱ्याएवढं भोक होतं, कडा काळ्या, भोवतालची कातडी तुकतुकीत लाल. तो लालपणा घोट्याच्या दिशेनं चढायला लागला होता. वास अजून नव्हता, की होता आणि थंडीत येत नव्हता. शारदेनं डेटॉल ओतलं. चंद्राबाई कंपनीच्या फाटकातून आत जाणाऱ्या पोरी बघत होती.

“आजच दवाखान्यात जायचं,” शारदा म्हणाली. “मी येते बरोबर.”

“म्होरच्या बुधवारी हळद हाय, गुरुवारी लगीन. अक्षता पडूंद्या, मग तुमी म्हनाल तितं येते.”

“तोवर पाय राहायचा नाही, चंद्राबाई.”

“ऱ्हाईल की. माजा पाय हाय, मला ठावं न्हाई व्हय?”

“तुम्हाला कळत नाही. हेच सांगतेय मी.”

चंद्राबाईनं पाऊल ओढून घेतलं. थोडा वेळ ती फडक्याच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, “मास्तरीणबाई, तुमास्नी माजी आन हाय. घरात कुनाला बोलायचं न्हाई. पोरीच्या लग्नात मी खुर्चीवर बसून ऱ्हाईन, पन ऱ्हाईन.” शारदा डेटॉलच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिली. तिचं गप्प राहणं चंद्राबाईनं होकार म्हणून घेतलं आणि बूट पाटीत टाकून ती गेली. चाल किंचित तिरपी पडत होती. तिचं तिलाच ते कळत नव्हतं. पाय दुखत नसल्यामुळं लंगडायचं तरी कशाला, म्हणून ती पूर्ण भार टाकून चालत होती, त्या भोकावर, धपाधप.

बुधवारी ती आलीच नाही. शारदा दगडावर बसली, उठली, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. धुकं विरलं. पाऊण तास झाला, सव्वा तास झाला. फाटकावरचा उत्तरेकडचा चौकीदार दोनदा बघून शेवटी जवळ आला आणि माताजी, किसको ढूँढ रही हो, असं त्यानं विचारलं. ती काही नाही म्हणाली आणि पुन्हा चालायला लागली, जणू तेवढ्यासाठीच आली होती. चालताना ती दिवस मोजत होती. सोमवारी दिसलं, पण दिसायच्या आधी किती दिवस होतं कुणास ठाऊक. जनार्दनरावांचे नऊ दिवस कुठून मोजायचे, फोडापासून की काळ्या कडेपासून. मध्येच तिला वाटायचं की आपण उगाच घाबरतोय, बाई कामाची आहे, अंगात रग आहे, हळदीच्या गडबडीत अडकली असेल म्हणून आली नसेल. आणि हळद तर पुढच्या बुधवारी, हे लक्षात आलं की तिची पावलं भरभर पडायला लागायची. संध्याकाळी कौस्तुभ जेवायला बसला तेव्हा तिनं विषय काढला, की समज एखाद्या बाईच्या पायाला जखम झालीय आणि तिनं शपथ घातलीय. कौस्तुभ एका हातानं फोनवर काहीतरी बघत होता. तो म्हणाला, आई, शपथ काय, सरळ डॉक्टरकडे न्यायचं, बाबांच्या वेळी खिळ्याचं आपल्याला लगेच कळलं असतं तर. आणि तो उठून हात धुवायला गेला. शारदा त्याच्या ताटातली उरलेली पोळी बघत बसली.

गुरुवारी सकाळी चहा न घेताच ती गावात गेली. घरापुढं मांडवाचे बांबू येऊन पडले होते. ओट्यावर हैबतराव, चंद्राबाईचा नवरा, खाटेवर बसून पत्रिकांची यादी बघत होता. या ताई, बसा, म्हणाला, आणि आत हाक मारली. चंद्राबाई भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसली होती; उजवा पाय लुगड्याखाली ओढून घेतलेला, डोळे तापानं चकाकणारे. तिनं शारदेला पाहिलं आणि सूप खाली ठेवलं. या टावरातल्या मास्तरीणबाई, असं ओळख करून देताना तिचा आवाज जपून चालल्यासारखा होता. दिशानं पाणी आणलं, मग चहा आणला. पोरीच्या हातात नवा चुडा नव्हता अजून, पण ती आत्ताच तो असल्यासारखे हात धरत होती. हैबतरावानं जेवणाचं सांगितलं, किती पोती, कुठला आचारी, पाव्हणे किती गाड्या घेऊन येणार. शारदा हं हं करत होती. चहाच्या आल्याच्या वासाखालून दुसरा एक वास येत होता, गोडसर, आणि तो तिला दोन वर्षं रोज सकाळी पट्टी सोडताना यायचा तोच होता. या घरात तो दुसऱ्या कुणालाच ओळखू येत नव्हता. तिनं चहा शेवटपर्यंत प्यायला. चंद्राबाई तिच्याकडे बघत किंचित मान हलवत होती, नको, नको.

“हैबतराव,” शारदा म्हणाली, “यांच्या उजव्या पायाला जखम आहे. आतून सडत चाललीय. यांना साखरेचा आजार आहे. आज नेलं नाही तर पाय काढावा लागेल.”

शिबिराचा कागद वाचून दाखवावा तसं ती हे एका सुरात म्हणाली. आतून शंभू, थोरला मुलगा, नुकताच गाडीवरून येऊन झोपलेला, बनियनवर बाहेर आला. त्यानं आईच्या पुढं उकिडवं बसून लुगड्याचा काठ वर केला आणि तोंड फिरवलं. दिशा दाराशी उभी होती तशीच खाली बसली. कशानं झालं, असं हैबतराव विचारत राहिला, कशानं झालं ह्ये. शंभू उठून घरात गेला, बाहेर आला, गोठ्यात गेला, आणि पाटी घेऊन आला. फडकं बाजूला टाकून त्यानं उजवा बूट उलटा केला. आतला तळ करंगळीच्या जागी काळा पडला होता.

“ह्ये बूट कुनाचे?” त्यानं विचारलं.

चंद्राबाईनं शारदेकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं, असं शारदेला पुढं कित्येक वेळा वाटलं. ती नुसती वाट बघत होती. माझं गुपित फुटलं, आता तुमची पाळी, असं. शारदेच्या तोंडात वाक्य तयार होतं. माझे आहेत. दोनच शब्द. मांडवाच्या बांबूंवर एक चिमणी येऊन बसली आणि उडाली. शारदेनं शेजारी ठेवलेली कपबशी उचलली आणि रिकाम्या कपातून एक घोट घेतला.

“बाजारातनं घेतले,” चंद्राबाई म्हणाली. “हिंजवडीच्या.”

म्हातारपनी बूट घालाया निघाली, असं हैबतराव म्हणाला, आणि मग त्याचा आवाज फुटला, तो खांबाकडे तोंड करून उभा राहिला. शंभूनं आईला दोन्ही हातांवर उचललं. एकोणऐंशी किलोंची बाई, पण त्यानं नवरी उचलावी तशी उचलली आणि गाडीत मागच्या सीटवर आडवी केली. शारदा गाडीपाशी गेली, मीही येते, असं म्हणाली. चंद्राबाईनं काचेवर हात ठेवला.

“तुमी आता घरला जावा,” ती म्हणाली.

त्यानंतर ती शारदेशी कधीही बोलली नाही. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली; पाय वाचला. आणखी चार दिवस गेले असते तर वाचला नसता, असं डॉक्टरांनी शंभूला सांगितलं, आणि शंभूनं ते गंगूबाईला, सोसायटीत भांडी घासणाऱ्या त्याच्या चुलतमावशीला, सांगितलं, म्हणून शारदेला कळलं. लग्न ठरल्या दिवशी, ठरल्या मुहूर्ताला झालं. चंद्राबाई तेव्हा वॉर्डात होती. शंभूनं आपला मोबाइल मांडवात उंच धरला आणि तिकडे नर्सनं दुसरा तिच्या कानाला लावला. पण बँडच्या आवाजात मंगलाष्टकं काही ऐकू आली नाहीत. दिशाच्या सासूला स्वतःलाच दहा वर्षांपासून साखर होती. मुलाकडच्यांनी त्याबद्दल चौकशी केली नव्हती आणि पुढंही कधी केली नाही. दिशा लवळ्याला नांदते, तिला दोन मुली आहेत. हैबतराव दोन हजार आठच्या उन्हाळ्यात पारावर बसल्या जागी गेला. शंभूनं गाडी विकली आणि राहत्या घरामागं खोल्या बांधून कंपनीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या. शिबीर जानेवारीत संपलं. सहा महिने चालून जड माणसांच्या मनाला उभारी येते, असं त्या डॉक्टरीणबाईंनी समारोपात सांगितलं. त्यांच्यासमोरच्या गठ्ठ्यात शारदेच्या टपोऱ्या अक्षरातले कागद होते, सगळे प्रसन्न. कौस्तुभला अजूनही सगळं चपलेच्या खिळ्यानंच झालं असं वाटतं. तो आणि अपूर्वा दोन हजार नऊमध्ये भुकूमला मोठ्या घरात गेले आणि शारदाही त्यांच्याबरोबर गेली. त्याआधीच्या दोन वर्षांत चंद्राबाई तिला रस्त्यावर रोज दिसायची, दवाखान्यानं पायाच्या मापानं करून दिलेल्या रुंद चपला घालून, आठ बोटांवर, पूर्वीपेक्षा भरभर. शारदेला पाहिलं की ती रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं जायची. शारदा एकदा तरी हाक मारावी म्हणून थांबायची, तोवर ती पुढं गेलेली असायची.

भुकूमला आल्यावर शारदेला साखर निघाली. दोन हजार दहाच्या पावसाळ्यात अपूर्वा तिला पायांच्या तपासणीला घेऊन गेली. तरुण डॉक्टर होते, हळू बोलणारे. त्यांनी तिला टेबलावर निजवलं, मासे धरायच्या गळाच्या दोऱ्यासारखा एक ताठ धागा दाखवला, आणि डोळे मिटायला सांगितले. धागा तळव्याला टेकेल तेव्हा फक्त हो म्हणायचं. शारदेनं डोळे मिटले. खोलीत पंख्याचा आवाज होता. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. तिनं सगळं लक्ष पावलांकडे नेलं, अगदी करंगळीपर्यंत, आणि थोड्या वेळानं स्पष्ट आवाजात म्हणाली, हो. मग पुन्हा म्हणाली, हो.

“आजी,” डॉक्टर म्हणाले, “मी अजून सुरुवात केलेली नाही.”